स्थायू, द्रव, वायू: पाठांतर बाजूला ठेवून घरीच तपासून पाहा

सहावी-सातवीतल्या कुणालाही विचारा, उत्तर धडाधड येतं: स्थायूला ठरावीक आकार आणि ठरावीक आकारमान, द्रवाला आकारमान असतं पण आकार नसतो, वायूला दोन्ही नाही. मग समोर साखरेचा डबा ठेवायचा. साखर ओतता येते, डब्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही? इथे बहुतेकांची दांडी गुल होते. पुस्तकातला तक्ता बरोबरच आहे, पण तो कुणी तपासलेला नसतो, आणि न तपासलेली गोष्ट पहिल्या आडव्या प्रश्नाला टिकत नाही.

खालचे प्रयोग क्रमाने केलेत तर तो तक्ता तुम्हाला तुमच्याच नोंदींवरून लिहिता येईल. शिवाय तक्त्यात सहसा न येणारी एक गोष्ट हाती लागेल. अमुक पदार्थ म्हणजे स्थायू, तमुक म्हणजे द्रव, असं कायमचं काही नसतं. आत्ता तापमान किती आहे आणि दाब किती आहे, यावर त्याची अवस्था ठरते.

काय काय लागेल

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा), औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज (सुई नको, दुकानदाराला तसं सांगा), मिलीच्या खुणा असलेलं मोजपात्र, बर्फ, मीठ, खोबरेल तेल, कापूर आणि एक वही. थर्मामीटर मात्र प्रयोगशाळेतला हवा, उणे १० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंतचा. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, तो ४२ अंशांच्या पुढे जातच नाही. शक्यतो आत लाल रंगाचा द्रव असलेला घ्या. पाऱ्याचा फुटला तर पारा विषारी असतो आणि घरभर पसरतो.

गॅसजवळचं प्रत्येक काम घरातलं मोठं माणूस शेजारी उभं असतानाच करायचं. यात सूट नाही.

पायरी १: प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न

वहीत चार रकाने आखा. पहिल्यात वस्तूचं नाव. बाकीच्या तिघांत हे प्रश्न: एका भांड्यातून दुसऱ्यात टाकली तर स्वतःचा आकार राखते का? मोठ्या भांड्यात ठेवली तर सगळं भांडं व्यापून टाकते का? दाबली तर आकारमान कमी होतं का?

दगड, पाणी, फुग्यातली हवा यांना वेळ लागत नाही. ती पटकन उरका. खरी मजा अडणाऱ्या वस्तूंत आहे, म्हणून या नक्की घ्या: साखर, स्पंज, टूथपेस्ट, मध, कवड्यांचं दही, साबणाचा फेस.

साखरेचा एकच दाणा चिमटीत धरून भिंगातून पाहा. कडा सरळ, कोपरे टोकदार, आणि वाटीत टाका की डब्यात, दाणा होता तसाच. आकार बदलतो तो ढिगाचा. शिवाय ढीग ओतला की वर टेकडी राहते, पाण्यासारखा सपाट पृष्ठभाग आपोआप होत नाही. वाळू, रवा, मीठ यांचंही तेच. स्पंज दाबला जातो म्हणून तो वायूसारखा ठरत नाही, कारण दाबली जाते ती त्याच्या भोकांमधली हवा. पाण्याखाली धरून पिळा, हवा बुडबुड्यांनी बाहेर येताना दिसेल. फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पडद्यांत अडकलेला वायू. मध हळू वाहतो, पण वाहतो आणि शेवटी सपाट होतो, तेव्हा द्रवच.

टूथपेस्टवर भांडण होऊ द्या. ब्रशवर ती आकार धरून बसते, नळी दाबली की वाहते. सगळ्याच पदार्थांना तीन खणांत कोंबायची गरज नसते. वहीत “अडलं” असा शेरा मारून पुढे जा.

पायरी २: वस्तुमान आणि आकारमान

पदार्थ म्हणजे ज्याला वस्तुमान आहे आणि जो जागा व्यापतो. दगडाच्या बाबतीत हे दाखवायला काही लागत नाही. हवेच्या बाबतीत थोडी युक्ती लागते.

बऱ्याच ठिकाणी काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधून एक फोडायचा प्रयोग दाखवतात. माझ्या मते तो सोडून द्यावा. भोवतालची हवा फुगलेल्या फुग्याला वर उचलून धरते, त्यामुळे आतल्या हवेचं वजन जवळजवळ झाकलं जातं, आणि फरक दिसलाच तर तो फुटताना उडालेल्या रबराच्या तुकड्याचाही असू शकतो.

त्यापेक्षा फुटबॉल घ्या. आधी तो जेमतेम गोल होईल एवढीच हवा भरा आणि वजन करा. बॉल काट्यावरून घरंगळू नये म्हणून खाली वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. मग पंपाने बॉल टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा वजन करा. पाच नंबरच्या बॉलमध्ये सुमारे साडेपाच लिटर जागा असते. एक लिटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम. काट्यावर चार ते सहा ग्रॅमची वाढ दिसायला हवी. बॉल सुरुवातीला चपटा ठेवायचा नाही, कारण मग त्याचं आकारमान बदलतं आणि फुग्यासारखीच गडबड होते.

आता आकारमान. मोजपात्रात २०० मिली पाणी घ्या, दगडाचं वजन करा आणि दोऱ्याला बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा. पातळी जितकी वर चढली तितकं दगडाचं आकारमान. वजनाला आकारमानाने भागलं की घनता. पाण्याची घनता एका घन सेंटिमीटरला एक ग्रॅम. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, घेतलात तर उत्तर तीनच्या जरा अलीकडे येतं. कोकणातला जांभा मिळाला तर तोही बुडवा. त्यातून बराच वेळ बुडबुडे येत राहतात आणि पाण्याची पातळी हळूहळू थोडी उतरते, कारण दगडाच्या छिद्रांत पाणी शिरत असतं. अशा दगडाचं आकारमान नेमकं कुठलं धरायचं, याचा विचार करून ठेवा.

पायरी ३: सिरिंज

सिरिंजमध्ये २० मिली हवा घ्या, तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दट्ट्या आत ढकला. बराच आत जातो, सोडला की परत येतो. आता हवेच्या जागी पाणी घ्या, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका आणि तेच करा. दट्ट्या हलतच नाही. तक्त्यातला “संपीड्यता” (दाबून आकारमान कमी होणं) हा रकाना इथे तळहाताला कळतो.

यावरून कणांचं चित्र काढताना एक काळजी घ्या. अनेक वह्यांत स्थायूचे कण चिकटून, द्रवाचे जरा लांब आणि वायूचे त्याहून लांब असं टप्प्याटप्प्याने काढलेलं असतं. ते फसवं आहे. पाणी दाबलं जात नाही याचाच अर्थ त्याचे कण जवळजवळ स्थायूइतकेच दाटीने असतात. फरक इतकाच की ते जागा बदलू शकतात, एकमेकांवरून घसरू शकतात. खरी उडी द्रव आणि वायू यांच्यामध्ये आहे. एक ग्रॅम पाणी एक घन सेंटिमीटर जागा घेतं, तर तेच १०० अंशांवर वाफ झालं की सुमारे १,६७० घन सेंटिमीटर. म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर जवळपास बारापट होतं.

सिरिंज अजून बाजूला ठेवू नका. मोठ्या माणसाकडून ६० अंशांच्या आसपासचं पाणी पाच मिली भरून घ्या, हवा बाहेर काढा, तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून अंगठा दाबा आणि दट्ट्या जोराने बाहेर ओढून धरा. पाणी खदखदायला लागतं. दट्ट्या सोडला की शांत. पहिल्या खेपेला आलेले काही बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, म्हणून ती हवा ढकलून बाहेर काढा आणि पुन्हा ओढा. आता जे उकळतं ते पाणीच. गॅस पेटवला नाही, तापमान वाढवलं नाही, फक्त दाब कमी केला.

पायरी ४: बर्फ ते वाफ, मिनिटामिनिटाची नोंद

सगळ्यांत जास्त वेळ या प्रयोगाला द्या. फ्रीजरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो वरून ओला, चकचकीत होईपर्यंत बाहेर ठेवा. मग ठेचून २०० ग्रॅम बर्फ पातेल्यात घ्या. गॅस अगदी मंद ठेवा. थर्मामीटरचा फुगा बर्फात राहू द्या, पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर तो तळाचं तापमान दाखवेल. चमच्याने सतत ढवळा. एकाने ढवळायचं, एकाने दर मिनिटाला आकडा वाचून लिहायचा.

पहिली काही मिनिटं वाचणारा कंटाळतो. गॅस चालू आहे, बर्फ वितळतोय, आणि आकडा शून्याच्या आसपासच. शेवटचे तुकडे विरघळेपर्यंत असंच चालतं. मग पारा झपाट्याने चढायला लागतो आणि पाणी खळखळून उकळायला लागलं की पुन्हा थबकतो. नोंदींचा आलेख काढा, दोन सपाट पायऱ्या स्पष्ट दिसतील. पहिली म्हणजे द्रवणांक, दुसरी म्हणजे उत्कलनांक.

त्या सपाट वेळात गॅसची उष्णता गेली कुठे? कणांना एकमेकांपासून सोडवण्यात. ती थर्मामीटरवर दिसत नाही म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ही कल्पना जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६०च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात मांडली. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी; एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४०.

८० हा आकडा घरी पडताळता येतो. दोन भांडी घ्या. पहिल्यात १०० ग्रॅम बर्फाचं थंडगार पाणी (बर्फाचे तुकडे काढून टाकलेलं), दुसऱ्यात १०० ग्रॅम ओला बर्फ. दोन्हींत ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी ओतायचं. वजन करूनच घ्या, अंदाजपंचे दाहोदरसे केलं तर प्रयोग फसेल. पहिल्या भांड्यात तापमान ४०च्या आसपास स्थिरावतं. दुसऱ्यात सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान शून्याजवळ उतरतं. तितकंच गरम पाणी, तितकंच वजन, आणि ४० अंशांचा फरक! भांड्याची आणि खोलीची उष्णता मिसळते म्हणून आकडे एक-दोन अंशांनी, कधी जरा जास्तच, इकडेतिकडे होतील. तसेच लिहा, नीटनेटके करू नका.

५४०चा प्रत्यय उकडीचे मोदक देतात. वाफ मोदकाला लागून पुन्हा पाणी होते, म्हणजे तिचं संघनन होतं, तेव्हा हा सगळा उष्मा ती मोदकाला देऊन टाकते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो तो याचमुळे, तेव्हा झाकण उघडताना आपल्या विरुद्ध बाजूने उघडा.

तुमचा उत्कलनांक १०० का आला नाही?

मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत हा प्रयोग केलात तर आकडा १००च्या जवळ येईल. पुण्यात ९८ येतो, आणि मुलं तो खोडून १०० लिहितात. खोडू नका. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं, हे सिरिंजमध्ये पाहिलंच आहे. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला उत्कलनांक एका अंशाने उतरतो. कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) तो साडेचौऱ्याण्णवच्या आसपास भरेल, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८. तिथे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. प्रेशर कुकर नेमकं उलटं करतो: वाफ कोंडून दाब जवळपास दुप्पट करतो, आणि आतलं पाणी १२० अंशांपर्यंत जाऊ शकतं.

घरातल्या सिलिंडरमधला गॅसही दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो. १४.२ किलो गॅस त्या लाल टाकीत मावतो तो त्यामुळेच. हे फक्त समजून घ्या, सिलिंडरवर कसलाही प्रयोग करायचा नाही.

पायरी ५: खोबरेल तेल, तूप, मेणबत्ती

खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. म्हणून मुंबईत ते वर्षातला बराच काळ पातळ असतं आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटलीतून निघत नाही. घट्ट झालेली छोटी बाटली कोमट पाण्यात ठेवा, आत थर्मामीटर बुडवा आणि बघत राहा. बर्फासारखा एका आकड्यावर थांबा इथे मिळणार नाही. तेल आधी दुधाळ होतं, कडेने सुटतं, मग हळूहळू स्वच्छ होतं. तेल आणि तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण असल्यामुळे प्रत्येक घटक आपापल्या तापमानाला वितळतो. शुद्ध पदार्थाला नेमका द्रवणांक असतो, मिश्रणाला बहुधा पट्टा असतो. रवाळ तुपात रवा आणि पातळ भाग एकत्र नांदतात तेही यामुळेच.

गोठल्यावर आकारमानाचं काय होतं, हेही पाहून घ्या. मोठ्यांच्या मदतीने वाटीत मेण वितळवा आणि थंड होऊ द्या. मध्यभागी खळगा पडतो, कारण गोठताना मेण आकसतं. बहुतेक पदार्थ असेच वागतात. पाणी मात्र उलट्या काळजाचं. प्लास्टिकच्या बाटलीत तीन-चतुर्थांश पाणी भरा, पातळीवर पेनाने खूण करा, वजन करा आणि बाटली उभी फ्रीजरमध्ये ठेवा. काचेची बाटली अजिबात नको, तडकेल. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेच्या वर गेलेली असते, आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं, पण बाहेरचं दव पुसून वजन केलं तर काटा कालचाच आकडा दाखवतो. पदार्थ तेवढाच, जागा जास्त, म्हणजे घनता कमी. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो.

पायरी ६: न उकळता उडून जाणं

एक चमचा पाणी ताटलीत, एक चमचा अरुंद पेल्यात, दोन्ही शेजारी ठेवा. ताटली आधी कोरडी होते, कारण बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होतं. उकळणं संपूर्ण द्रवात होतं आणि ठरावीक तापमानाला होतं, बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला चालू असतं. वारा, ऊन, पसरट पृष्ठभाग याने ते वाढतं, हवेतल्या दमटपणाने मंदावतं. आषाढात दोरीवरचे कपडे दोन दिवस ओले राहतात ते उगीच नाही.

माठाचं पाणी याच कारणाने गार होतं. छिद्रांतून पाझरलेलं पाणी उडून जाताना आपला अप्रकट उष्मा माठातून घेतं. नवा माठ जुन्यापेक्षा चांगला गार करतो, कारण वापराने छिद्रं बुजत जातात.

एक निरीक्षण उकळत्या किटलीचं, लांबून. तोंडातून निघणारा पांढरा लोट नीट पाहा. तोंडाला अगदी लागून थोडी जागा रिकामी, पारदर्शक दिसते आणि पांढरं त्यानंतर सुरू होतं. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. ती वायू असल्यामुळे दिसत नाही. पांढरं दिसतं ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रव.

पायरी ७: मधली पायरी गाळणारे

कापराच्या चार-पाच वड्या पारदर्शक बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणीची एक बाजू उन्हाकडे करून खिडकीत ठेवा. काही दिवसांत सावलीकडच्या काचेवर आतून बारीक चमकदार स्फटिक दिसायला लागतात. कापूर द्रव न होता वायू झाला आणि थंड काचेवर पुन्हा स्थायू झाला. याला संप्लवन म्हणतात. कापूर गॅसवर तापवायचा मोह टाळा, तो भुर्रकन पेट घेतो. कपाटातल्या डांबरगोळ्या झिजतात त्या अशाच, आणि फ्रीजरमध्ये विसरलेले बर्फाचे तुकडे लहान होत जातात तेही असेच.

चौथी, पाचवी आणि एक अडेलतट्टू

वायूला इतकी ऊर्जा दिली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तेव्हा प्लाझ्मा ही अवस्था मिळते. सूर्य, आकाशातली वीज, जुन्या ट्यूबलाइटचा उजेड ही तिची उदाहरणं. उलट टोकाला, उणे २७३.१५ अंशांच्या अगदी लगत, काही पदार्थांचे अणू एकाच अणूसारखे वागू लागतात. या अवस्थेचं, म्हणजे बोस-आइनस्टाइन संघनिताचं, मूळ सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आइनस्टाइनना पाठवलेल्या गणितात आहे. प्रत्यक्षात ती १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमच्या अणूंपासून मिळवली, आणि २००१चं नोबेल त्यांना वोल्फगांग केटर्ली यांच्याबरोबर मिळालं.

हे दोन्ही घरी जमण्यासारखं नाही. त्याऐवजी दोन वाट्या कॉर्नफ्लॉवरमध्ये साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं घालत कालवा. बोट हळू बुडवलं तर आत जातं, बुक्की मारली तर टणक लागतं. मुठीत दाबलं तर गोळा होतो, मूठ उघडली की बोटांमधून ओघळतो. पहिल्या पायरीचे तिन्ही प्रश्न याला विचारा, पण प्रत्येक उत्तरापुढे तुम्ही ते हळू तपासलं की जोरात, हे लिहा. पुस्तकातला तक्ता किती वेगाने ढकलायचं हे कधीच सांगत नाही. झाल्यावर हे मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, तळाशी बसून पाइप तुंबतो. वर्तमानपत्रावर वाळवा आणि कोरडी पूड कचऱ्यात टाका.